फटफटीला तंग

आधी नेरळच्या काकींचं सांगतो, मग टाकीचं. उलटं सांगितलं की ऐकणारा टाकीपाशीच थांबतो, "तू बसवलीस? वा!" म्हणतो आणि चहा सांगतो. शिळफाट्यावरची जुनी माणसं अजूनही म्हणतात की गुरांच्या डॉक्टरांच्या फटफटीवर ॲल्युमिनियमची टाकी चढवली ती ह्या आटपाडीकडच्या गड्यानं. गड्यानं पाने फिरवले, एवढंच. टाकी बसवली काकींनी, आणि काकी आजतागायत फटफटीवर बसलेल्या नाहीत.

काकी खोगिरं शिवतात. माथेरानच्या घोड्यांची. नेरळला स्टेशन सोडून डोंगराच्या अंगाला चालू लागलं की त्यांचं घर लागतं. पुढं मांडव, मांडवाच्या वाशांना उलटी टांगलेली खोगिरं, आणि खाली मांडीवर चामडं घेऊन, ओठांत दोरा धरून काकी. त्यांच्या घरातली पुरुषमाणसं वर डोंगरावर घोड्यांबरोबर असतात. काकी म्हणतात, "त्ये घोडं सांभाळत्यात, मी घोड्यांच्या पाठी सांभाळते."

आता माझं. सातवीत शाळा सुटली. कुणी काढलं नाही, मीच जायचा राहिलो. मास्तर दोनदा घरी बोलवायला आले तेव्हा मी कडब्याच्या गंजीमागं बसून होतो. मग विट्याला एका सायकलच्या दुकानात राहिलो. तिथं सायकलींच्या गर्दीत कधीमधी एखादी फटफटी यायची आणि मालक जेवायला गेला की मी तिच्यात हात घालायचो. पुढं गावचा एकजण ट्रकवर होता, त्याच्या ओळखीनं घाट उतरून खोपोलीला आलो, शिळफाट्यावरच्या एका गॅरेजात. शिळफाटा म्हणजे घाटाचा पायथा. उतरून आलेल्या ट्रकांचे ब्रेक तापलेले, चढायला निघालेल्यांना पाणी भरून घ्यायचं असतं. तिथं गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

माणसं चांगली होती, पण गाव लांब. भाकरी मागितली तर तांदळाची मिळायची. मी "न्हाय" म्हटलं की सगळे हसायचे आणि स्वतः "नाय" म्हणायचे. त्यात माझा स्वभाव काळजीचा. बोल्ट आवळला की पुन्हा आवळून बघायचा, कुलूप लावलं की ओढून बघायचं, दहा पावलं जाऊन परत यायचं आणि आणखी एकदा ओढायचं. आमच्या शेठना ह्याची फार गंमत वाटायची. शेठ इथलेच, खालापूरकडचे, भातशेतीतून उठून गॅरेजात आलेले. मला म्हणायचे, "अरं, कुलपाचा हात दुखला आसल, सोड आता."

गणपती होऊन गेले होते, पाऊस सरत आला होता. एका सकाळी शेठनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ," ते म्हणाले, "ट्रकाला माज्याकडं चार मानसं हायत आन् ती पुरतात. तुला पाचवा ठेवायचा तर तुजं काम वायलं पायजे. फटफटीचं जमतं ना तुला?"

"जमतं," मी म्हणालो. विट्याला जमलं होतं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत.

"कर्जतच्या गुरांच्या डागतरची फटफटी येतेय. नवी टाकी बसवायची हाय. ती धड झाली तर त्यो पिंपळाकडचा कोपरा तुजा, फटफट्यांचं गिऱ्हाईक तुजं. नाय झाली तर दसऱ्याला पुन्याची गाडी पकड आन् घरी जा. राग नाय हां, हिसाबाची गोष्ट हाय."

राग कसला येणार. पण पुण्याची गाडी म्हटल्यावर त्या रात्री मी कुलूप चार वेळा ओढून बघितलं. घरी भावानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा गडी मुंबईच्या रस्त्यावर मोठ्या गॅरेजात आहे. तिथं वळकटी काखेत मारून परत जायचं, आणि विचारणाऱ्याला काय सांगायचं? की एक टाकी बसेना?

डॉक्टर आले ते टाकी गोधडीत गुंडाळून, पुढ्यात धरून, तान्हं मूल आणावं तसे. कर्जतच्या जुन्या घरातले. घरात सगळे मास्तर आणि वकील, हे एकटेच गुरांच्या मागं लागलेले. बोलणं मऊ, पण गालात हसू कायम. फटफटी त्यांच्याइतकीच जुनी, विलायती, एका सिलिंडरची, कुठल्याशा मिलिटरीच्या लिलावातून घरात आलेली. तिची मूळची लोखंडी टाकी इथल्या पावसानं आतून खाल्ली होती. गंजाचे पापुद्रे पेट्रोलबरोबर कार्बोरेटरात उतरायचे आणि गाडी नेमकी म्हैस अडलेल्या गावाच्या अलीकडं बंद पडायची. डॉक्टर म्हणाले, "मी पोचेपर्यंत म्हैस मोकळी होते आणि मला बघून हसते." म्हणून त्यांनी मुंबईत शर्यतीच्या गाड्यांसाठी टाक्या ठोकून देणारा एक कारागीर गाठला आणि ॲल्युमिनियमची करून घेतली. ॲल्युमिनियम गंजत नाही. बसवायचं कसं ते काही कारागिरानं सांगितलं नव्हतं. पुढं दोन आणि मागं एक असे पत्र्याचे कान तेवढे ठेवले होते.

गोधडी सोडली तेव्हा सगळं गॅरेज काम टाकून बघायला आलं. टाकी अशी लखलखत होती की शेठनी तिच्यात बघून मिशी सारखी केली. समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला.

"डागतर, चा किती बसल यात?"

"साखर वेगळी घेतली तर तीन गॅलन," डॉक्टर म्हणाले.

"आन् भात शिजवायचा आसल तर?" शेठनी विचारलं.

"मग झाकण मोठं करून घ्यावं लागेल. काय मिस्त्री?"

मिस्त्री म्हणजे मी. मला तोवर कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. मी घाबरून टाकीला सलाम केल्यासारखं काहीतरी केलं.

आणि मग मी ती बसवली. कशी, तर ट्रकाची सवय होती तशी. ट्रकाच्या गॅरेजात सैल हा शब्दच शिवीसारखा. बोल्ट आवळायचा म्हणजे पान्याला पाइप लावून लोंबकळायचं. मी कानांना भोकं पाडली, फ्रेमला लोखंडी पट्ट्या बांधल्या, बोल्ट घातले, स्प्रिंगचे वायसर घातले आणि आवळले. माझ्या सवयीनं पुन्हा आवळले. टाकी अशी बसली की फटफटी टाकीला धरून उचलता आली असती. शेठनी धक्का देऊन बघितला. "हालत नाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

डॉक्टर कर्जतला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. डाव्या कानाच्या मुळाशी केसासारखी चीर, तिच्यातून पेट्रोल घळघळत नव्हतं, पण थेंब थेंब इंजिनावर उतरत होतं. तापल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, "येताना मी बिडी ओढणाऱ्याला बघितलं तरी रस्ता सोडून शेतात घालत होतो."

खोपोलीत एक गॅस वेल्डिंगवाला होता, त्याला ॲल्युमिनियमचा टाका मारता यायचा. टाकी त्याच्याकडं न्यायच्या आधी आतली पेट्रोलची वाफ जावी म्हणून मी ती पाण्यानं भरली, ओतली, भरली, ओतली, आणि पुन्हा भरली. तो म्हणाला, "आता हिच्यात मासं सोड." टाका छान पडला. मी परत आलो आणि विचार केला की कान तुटला म्हणजे पकड कमी पडली. म्हणून पट्ट्या जाड केल्या, बोल्ट वाढवले आणि आणखी आवळलं.

ह्या वेळी उजवा कान गेला, आणि बुडाचा सांधाही जरा उसवला.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पिंपळाकडच्या कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं त्यांनी माझ्यासाठी म्हणून एक फळकुट टेकवून ठेवलं होतं, ते चहावाल्यानं मागितलं तर म्हणाले, "थांब दोन दिस. लागलं नाय लागलं ते बघू." दसरा तोंडावर आलेला. मला जेवण जाईना. पट्ट्या अजून जाड करायच्या तर आता फ्रेमच दिसेनाशी झाली असती.

डॉक्टरांनी मला सोडलं नाही हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी त्यांना नेरळला जायचं होतं. पावसाळाभर माथेरान थंड असतं, गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बरेच घोडे खाली आणतात. दिवाळीला वर जायच्या आधी डॉक्टर त्यांना तपासायचे. ते म्हणाले, "मिस्त्री, मागं बसा. साबण घ्या बरोबर. वाटेत गळलं की चोळायचा."

साबणाची ही युक्ती सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे, कपड्याचा साबण चिरेत चोळला की पेट्रोल घटकाभर थांबतं. तर असे आम्ही निघालो, डॉक्टर पुढं औषधाची पेटी अडकवून आणि मी मागं साबणाची वडी मुठीत धरून. पळसदरीला एकदा चोळला, कर्जतला एकदा, भिवपुरीला एकदा. एका फाट्यावर बाया उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "बाय माजे, फटफटीला आंगोळ घालतात का काय!"

नेरळला काकींच्या मांडवापुढं गाडी लावली. डॉक्टर एका तांबड्या घोड्याकडं वळले. त्याच्या पाठीवर, मानेच्या मागं जिथं खोगीर बसतं तिथं, जखम झाली होती. कुणीतरी दुसऱ्याच घोड्याचं खोगीर त्याच्यावर चढवलं होतं. काकी घोडेवाल्यावर चांगल्याच तापल्या होत्या. "तुज्या बाचा सदरा तुला बसल का रं? मंग?" घोडेवाला मान खाली घालून उभा. मला त्याचं दुःख कळत होतं. मी गाडीजवळ उकिडवा बसलो आणि साबण काढला.

काकींचं लक्ष गेलं.

"ह्यो काय करतोय?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आमच्या घोड्यालाही पाठीवर लागलंय काकी," डॉक्टर म्हणाले. "औषध लावतोय."

काकी उठल्या, दोरा ओठांतून काढला आणि टाकीपाशी येऊन वाकल्या. बोट चिरेवरून फिरवलं, मग दुसऱ्या कानावरून, मग माझ्या पट्ट्यांवरून, बोल्टांवरून.

"हे कोनी केलं?"

"मी," मी म्हणालो आणि साबण पाठीमागं लपवला.

"आरं लेकरा, खोगीर घोड्याला खिळं मारून ठोकतात का रं?"

डॉक्टर पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले. मी म्हणालो, "काकी, हे यंत्र आहे. धक्के बसतात. सैल ठेवलं तर पडंल."

"घोडं काय गादीवर चालतं? माथेरानचा रस्ता बगितलास? दगडावरनं उड्या मारत जातं, वर शंभर किलोची शेठानी बसलेली आसती. आमचं खोगीर पडतं का? नाय. आन् घोड्याला लागतं का? नाय." मग त्या तांबड्याच्या मालकाकडं बघून म्हणाल्या, "शान्या मानसानं घातलं तर नाय लागत."

त्यांनी मला बसवलं आणि मांडवातलं एक खोगीर खाली काढून उलटं केलं. त्यात सगळं मला दिसलं, अजून डोळ्यापुढं आहे. मधोमध, घोड्याच्या कण्यावर येईल तिथं, लांबच्या लांब पोकळी. खोगीर कण्याला कुठंच टेकत नाही. टेकतं ते दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर, आणि तिथंही नमद्याच्या गाद्या. नमदा म्हणजे लोकर ओली करून दाबून दाबून केलेलं जाड कापड. आणि धरून ठेवायला एक चामडी पट्टा, पोटाखालून वर घेऊन बकलात आवळलेला. त्याला तंग म्हणतात. बस. एक खिळा नाही.

"धरायचं, पन गळा नाय दाबायचा," काकी म्हणाल्या. "तंगाखाली दोन बोटं गेली पायजेत."

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर घोड्याच्या जखमेवर मलम लावत म्हणाले, "काकी सांगतील तसं करा. मी इथं संध्याकाळपर्यंत आहेच, अजून अकरा पाठी बघायच्यात."

खरं सांगतो, मला लाज वाटत होती. फटफटीला घोड्याचा पट्टा बांधून शिळफाट्यावर जायचं? चहावाला सहा महिने पुरवून खाईल. शेठ काय म्हणतील? मी तसं बोलूनही दाखवलं. काकी चामडं टोचायच्या आरीला धार लावत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "हसल तर हसल. गळल का, त्ये आदी इचार."

मग कामाला लागलो. टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवलं, टाकी पाण्यानं धुतली, माझ्या पट्ट्या, बोल्ट, वायसर, सगळं काढलं. तिन्ही कान करवतीनं कापून टाकले, आणि चिरांना वेल्डिंग होईपर्यंत साबण होताच. काकींनी चुलीतली राख आणली, चाळून घेतली आणि फ्रेमची वरची नळी ओल्या फडक्यानं जरा दमट करून तिच्यावर भुरभुरली. म्हणाल्या, "आता ठेव टाकी. दाबू नगंस. उचल." टाकी उचलून उलटी केली तर आतल्या बाजूला दोन ठिकाणी राख लागलेली. म्हणजे तिथं ती नळीला घासत होती. नव्या घोड्याला खोगीर बेतताना त्या असंच करतात, पाठीवर राख टाकायची आणि खोगीर काय सांगतं ते बघायचं. मी इतके दिवस टाकी हलू नये म्हणून मरत होतो, आणि ती कुठं टेकते हे एकदाही बघितलं नव्हतं.

जिथं राख लागली तिथं उंची वाढवायची म्हणून काकींनी नमद्याचे तुकडे कापले, पुढं दोन जाड, मागं एक पातळ. मला काळजी लागली की नमद्यावर पेट्रोल सांडलं तर तो भिजेल आणि वास मारेल. मग मी जवळच्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली आणि तुकड्यांना रबराचा अंगरखा चढवला. काकींनी तो हातात घेऊन दाबला, मान हलवली आणि दाभणानं कडा शिवून टाकल्या. तेवढी एक अक्कल माझी. मी ती आजही सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगितली.

राख टाकायची, ठेवायची, उचलायची. तीनचार वेळा केलं. शेवटी टाकी उचलली तर आत राखेचा कणही नाही. आता ती फक्त गाद्यांवर बसली होती.

पट्टा काकींनी जुन्या तंगाचा घेतला, चांगला तेल प्यालेला. डॉक्टरांना बोलावून गाडीवर बसवलं, त्यांचे गुडघे कुठं येतात ते खडूनं खुणावलं आणि बकल त्या खुणेच्या खाली घेतलं. "नाय तर डागतरीनबाय मला इचारतील, धोतर... इजार कशानं फाटली," त्या म्हणाल्या. पट्टा टाकीवरून आडवा, दोन्ही बाजूंनी खाली, फ्रेमच्या नळीखालून. आवळला. माझा हात सवयीनं आणखी ओढायला गेला, तर काकींनी फटकन हातावर मारलं.

"दोन बोटं!"

दोन बोटं घातली. गेली.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली नसती तर मी आज हे सांगायला शिळफाट्यावर नसतो. म्हणाल्या, "घोडं तंग बांधताना पोट फुगवतं, लबाड आसतं. शंभर पावलं चाललं की पोट आत जातं आन् तंग सैल पडतो. मंग पुन्ना आवळायचा. तुज्या ह्या लोखंडाचं मला म्हाईत नाय, पन नवा नमदा बी तसाच. दबला की सैल पडनार. घाबरू नगंस."

मी घाबरलोच. कर्जतच्या फाटकाला गाडी थांबली, मी मागून हात घालून टाकी धरली तर ती हातात डुगडुगली. डोळ्यापुढं पुण्याची गाडी, आटपाडीचा स्टँड, भावाचं तोंड. "डॉक्टर, गेलं सगळं!" मी ओरडलो. फाटकाशी उभा असलेला एक बैलगाडीवाला बैल सोडून बघायला आला.

डॉक्टर शांत. "काकी काय म्हणाल्या होत्या?"

तेव्हा कुठं डोकं चाललं. उतरलो, बकल दोन भोकं पुढं घेतलं, बोटं घातली, टाकी हलवली. बसली. बैलगाडीवाल्यानं पट्टा बघितला, डॉक्टरांकडं बघितलं आणि विचारलं, "डागतर, ही चारा किती खाते?"

"सवारी बघून," डॉक्टर म्हणाले.

तिथून पळसदरीपर्यंत रस्ता असा होता की खड्डे चुकवायला गेलं तर खड्ड्यातच जायचं. मी सारखा हात खाली घालून बोटं हुंगत होतो. साबणाचा वास येत होता, पेट्रोलचा नाही. थांबून पुन्हा पट्टा बघितला, आता तो हलायला तयार नव्हता. मग मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. भात पोटरीला आलं होतं आणि उन्हं तिरपी झाली होती.

खोपोलीत आधी वेल्डिंगवाल्याकडं जाऊन चिरांना पक्के टाके मारून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा राख टाकून, मी ती एकट्यानं चढवली. गॅरेजात सगळे जमले. चहावाला काही बोलायच्या आधीच मी त्याला म्हटलं, "बोल बाबा एकदाचा." तो म्हणाला, "आता लगाम कुठं बांधनार तेवढं सांग," आणि पोट धरून हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी पट्टा ओढून बघितला, टाकीला धक्का दिला. ती हलली, अगदी जराशी, आणि जागेवर आली.

"हालतेय की रं."

"हलणारच शेठ," मी म्हणालो. "न हलली म्हणून तर दोनदा फुटली."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं. पण ते गाडीवर बसले, किक मारली आणि घाटाकडं गेले. आम्ही आवाज ऐकत उभे. पहिलं वळण, दुसरं वळण, मग ट्रकांच्या आवाजात ती हरवली. मी चहावाल्याच्या बाकावर बसलो. त्यानं न मागता चहा दिला, आणि मी तो प्यालो की नाही मला आठवत नाही. डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी पान एकदाही उलटलं नाही, तेव्हा कळलं की तेही वाचत नव्हते.

शेठ आले. इंजिन बंद केलं, खाली वाकले, टाकीच्या बुडाखालून चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"कोरडी हाय," ते म्हणाले. मग शर्टाला बोट पुसून, माझ्याकडं न बघता, "ते फळकुट कोपऱ्यात लाव आन् तुजी हत्यारं मांड. डागतर, मानसं धाडा फटफटीवाली. ह्यो बसलाय इथं."

मी रडलो नाही. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली, एवढंच.

दसऱ्याला पुण्याच्या गाडीत न बसता मी नेरळला गेलो, सोनं द्यायला, काकींना. त्यांनी आपट्याची पानं घेतली, माझ्या डोक्याला हात लावला, आणि विचारलं ते एवढंच, "लागलं नाय ना कुठं?" मी म्हणालो, "न्हाय काकी, कुठंच नाही." कामाचं काय द्यायचं म्हटलं तर त्यांनी आरी उगारली. मग गप्पांत माझं गाव विचारलं. आटपाडीकडं मेंढरं असतात म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. इथल्या पावसात मेंढरू टिकत नाही, नमद्याची लोकर सगळी लांबून येते आणि येते तीही भेसळीची. काकींनी आयुष्यभर लोकर हाताळली, पण मेंढरांचा कळप असा कधी बघितला नव्हता. "एक डाव हातानं बगून घ्यायची हाय," त्या म्हणाल्या. "जितं मेंढरू, आन् त्याच्या अंगावरची."

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा भावाला सांगून एक गाठोडं आणलं. काकींनी हुंगलं, बोटांनी उकललं, चांगली आहे म्हणाल्या आणि त्यातली निम्मी शेजारच्या घोड्याच्या खोगिरात घातली. पण गाठोडं दिलं म्हणजे फिटलं असं मी धरत नाही. पिंपळाखाली आता माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत, बायको इथली भाकरी थापते, पोरगी शाळेत जाते आणि सातवी ओलांडून पुढं गेली आहे. हे सगळं ज्या दिवशी माझ्या हातून निसटायचं होतं त्या दिवशी एका बाईनं आपली शिलाई बाजूला ठेवली. दरवर्षी मी म्हणतो, काकी, चला. त्या म्हणतात, "येते रं, एवढा सीझन जाऊ दे." घोड्यांचा सीझन काही संपत नाही. पण मीही काही कमी चिवट नाही. कातरणीच्या दिवसांत मी त्यांना एस.टी.त खिडकीपाशी बसवणार, घाट चढवणार, आटपाडीच्या माळावर आमच्या धनगरांच्या कळपात नेऊन उभं करणार आणि म्हणणार, काकी, हात घाला, तुम्हाला हवी ती निवडा. ह्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. पण नेणार.